बिनपोळ्याचं घर

आमच्या घरी पोळा नाही. गावात आहे, आमच्यात नाही. श्रावणातल्या अमावस्येला सगळं गाव बैलांच्या शिंगांना रंग लावतं, घरोघर पुरण शिजतं, आणि आमच्या भावकीच्या घरांत रोजची वरण-भाकरी. गाव आम्हाला बिनपोळ्याचे म्हणतं. नुसतं आडनाव सांगितलं तर माणूस दोनदा विचारील, बिनपोळ्याचे म्हटलं की जवळा बाजारच्या आठवडी बाजारातला भाजीवालासुद्धा घराची वाट बरोबर दाखवतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या माहेरी पोळा मोठा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, दुसऱ्या दिवशी आई बैलांचे पाय धुवायची, कुंकू लावायची आणि पुरणाची पोळी त्यांच्या तोंडात द्यायची. मला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं. सासरी पहिल्या पोळ्याला सकाळी उठून मी हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली. सासूनं सूपच ओढून घेतलं.

"ठिव ती डाळ. आपल्यात न्हाई."

"काय न्हाई?"

"पोळा न्हाई. तुझ्या बापानं इचारलं न्हाई का?"

माझ्या बापानं जमीन किती, विहिरीला पाणी किती एवढंच विचारलं होतं.

दुपारी वेशीत तोरण बांधलं, वाजंत्री वाजली, गावाचे बैल मारुतीच्या देवळाला निघाले. आमचे बैल गोठ्यात. त्यांना औताला जुंपलं नव्हतं, धुतलं होतं, हिरवा चारा टाकला होता, पण शिंगाला रंग नाही, गळ्यात घुंगरमाळ नाही. वाजंत्री दारावरून गेली तेव्हा ते कान टवकारून उभे राहिले, बस. संध्याकाळी शेजारणीकडून फडक्यानं झाकलेलं ताट आलं. पुरणपोळी, कढी, भजी. दुसऱ्याच्या घरचं खायला बंदी नव्हती, आपल्या चुलीवर करायला होती. मी पोटभर खाल्लं. तेव्हापासून आजपर्यंत ते ताट कधी चुकलं नाही. शेजारीण मेली, तिची सून पाठवायला लागली, आता तिचीही सून आली आहे.

पोळा काहून नाही, ते सासूनं त्याच रात्री भाकरी थापता थापता सांगितलं. तिच्या सासूच्या काळात ऐन पोळ्याच्या दिवशी घरातला मोठा मुलगा गेला. बैल धुवायला ओढ्यावर गेला आणि वाहून गेला, असं माझी सासू म्हणायची. चुलत सासू म्हणायची, बैलानं पोटात शिंग घातलं. तिसरं कुणी म्हणायचं, गोठ्यात साप होता. कोण मेलं हे सगळ्यांना ठाऊक, कसं मेलं हे एकालाही धड ठाऊक नाही. पण त्या दिवशी शिजलेलं पुरण तसंच फेकलं गेलं आणि सण खंडला.

खंडलेला सण आपल्या मनानं पुन्हा सुरू करता येत नाही. आमच्याकडं त्याला एकच वाट आहे. त्याच दिवशी भावकीत कुणी बाळंत व्हायला पाहिजे, नाहीतर गाय व्यायला पाहिजे. ज्या दिवशी जीव गेला त्या दिवशी जीव आला, म्हणजे फिटलं. मग त्याच संध्याकाळी पुरण घालायचं आणि पुढं कायमचा पोळा.

ऐकायला सोपं वाटतं. एका वर्षी गाय आदल्या दिवशीच व्यायली. एका वर्षी पोळ्याच्या दिवशी चुलत सासऱ्यांची म्हैस व्यायली. सगळी भावकी अंगणात जमली. म्हैस चालते की नाही, यावर दिवस मावळेपर्यंत वाद. शेवटी चुलत सासरे म्हणाले, "म्हैस चालत न्हाई. म्हैस यमाची हाय." त्या माणसानं जन्मात कधी धार काढली नव्हती, पण तो मोठा होता. चुलत सासूनं डाळ भिजत घातली होती. तिनं गुपचूप तिचं वरण केलं.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाची वेळ पोळ्याजवळ आली होती. सासू वाईट नव्हती, पण तिलाही तो पोळा पाहिजे होता. आदल्या दिवशी तिनं मला सकाळपासून जात्यावर बसवलं. दळण पुष्कळ नव्हतं, तरी दळ म्हणाली. मला कळलं आणि मीही दळत राहिले, कारण तेव्हा सासूला नाही म्हणायची रीत नव्हती. पाठ मोडून आली, हाताला फोड आले. पोरगा काही आला नाही. पोळा झाला, अमावस्या सरली, मग सावकाश आला. सासू सुईणीला म्हणाली, "हट्टी हाय." तो हट्टी म्हणजे माझा आजचा कर्ता मुलगा, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं मऊ माणूस आमच्या घरात दुसरं नाही.

ही झाली जुनी गोष्ट. आता गोठ्यात बैल नाहीत. शेवटची जोडी विकली त्याला बरीच वर्षं झाली. सोयाबीन पेरायला ट्रॅक्टर, हळद काढायला ट्रॅक्टर. गायही मग गेली, कारण सकाळी उठून धार कोण काढणार? दूध पिशवीतून येतं. गोठ्यात मोटारसायकली उभ्या राहतात.

मला वाटलं होतं, बैल गेले, आता पोळ्याचं नावही निघणार नाही. झालं उलटं. आम्ही म्हातारे गप्प बसलो आणि पोरं पोळा पोळा करायला लागली. त्यात माझा नातू सगळ्यांच्या पुढं. त्याचं जवळा बाजारला ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे. पोळ्याच्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर सजवलेले बैल, बैल नसतील तर फुगे लावलेले ट्रॅक्टर, आणि याच्या मोबाइलवर काही नाही.

"आजी, लोकं इचारतात, तुमी काय हिंदू न्हाई का?" तो एकदा म्हणाला.

"सांग त्यांना, आमी बिनपोळ्याचे हाव."

"ते सांगायला लाज वाटते."

मी त्याला हसले नाही. लहानपणी हा पोरगा चिखलाचे बैल करायचा आणि सरपणाच्या मागं लपवून ठेवायचा. आमच्या दारात त्यांची पूजा होत नाही म्हणून शेजारच्या अंगणात नेऊन मांडायचा, आणि तिथं त्याला हातावर गूळ-खोबरं मिळायचं. पोळा पाहिजे हे त्याचं आजचं नव्हतं.

त्याचं लग्न झालं. नातसून हिंगोलीची, बाप कचेरीत कारकून, ती स्वतः शाळेत शिकवते. बोलणं शहरातलं, पण कामाला मागं सरत नाही. तिला दिवस गेले आणि डॉक्टरीणबाईंनी जी तारीख सांगितली ती पोळ्याच्या आठवड्यातली निघाली. मग आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आडवं आहे, फिरलं नाही तर पोट चिरून काढावं लागेल, तसं झालं तर दिवस आधी ठरवता येईल.

हे शेवटचं वाक्य नातवानं घरी येऊन सांगितलं आणि भावकीत वणवा लागला.

त्या रविवारी सगळे आमच्या अंगणात. माझा मोठा पुतण्या भावकीत सगळ्यांत मोठ्यानं बोलतो. तो खुर्ची घेऊन मधोमध बसला.

"काकू, देवानंच जुळवून आणलंय बघा. पोट चिरायचंच हाय, तर मग अमावस्येलाच चिरा."

"भोपळा हाय का तो, कवाबी चिरायला?" मी म्हणाले.

सगळे हसले. पुतण्याही हसला, पण हटला नाही. "तसं न्हाई काकू. तारीख हातात हाय. आपल्या बापजाद्यांच्या हातात नव्हती."

"आन पोरगी झाली तर?" कुणीतरी मागून विचारलं.

पुतण्या जरा अडखळला. "पोरगी... बहुतेक चालत न्हाई."

माझी सून चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "व्हय ना. पोरीच्या जन्मानं सण येत न्हाई. पोरीच्या हातचं पुरण मातर बराबर चालतं."

त्यावर बाया हसल्या, बाप्ये चहा प्यायला लागले.

नातवानं हिंगोलीला आपल्या सासूला मोबाइल लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. विहीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. "पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या घरी. आणि अमावस्येचं लेकरू मी होऊ देणार नाही. लोक टाळतात ती तिथी आणि तुम्ही शोधून काढता?"

"शांती करू की, इहीनबाई. मोठी शांती करू!" पुतण्या मोबाइलवर ओरडला.

"आधी दुखणं आणायचं आणि मग औषध करायचं का?" विहीणबाईंनी ठेवून दिला.

एवढं झालं तरी बैठक उठली ती ठरवूनच उठली. अमावस्येचा दिवस धरायचा. नातसून भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं चिरायचंच आहे, तर त्यांना दिवस धरू द्यावा.

नववा लागला. माहेरी जायच्या आधीची शेवटची तपासणी होती. नातू दुकानात अडकला होता, ती आईबरोबर गेली आणि संध्याकाळी तिचा भाऊ तिला गाडीनं सोडून गेला. मी स्वयंपाकघरात गवार मोडत होते. ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. एक शेंग उचलली, मोडली नाही, हातातच धरली.

"आजी, बाळ फिरलं."

"म्हंजे?"

"डोकं खाली आलंय. डॉक्टर म्हणाल्या, सगळं चांगलं आहे. चिरायची गरज नाही. होईल तेव्हा आपोआप होईल."

"मग तोंड काहून उतरलंय?"

तिनं शेंग बोटांत फिरवली. "यांना अजून सांगितलं नाही. यांनी ट्रॅक्टरला घालायला झूल शिवायला टाकलीय. तोरण सांगितलंय. सगळ्या घरांत डाळ आणून ठेवलीय." मग म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणालात तर मी घेते चिरून. एवढ्या पिढ्यांचं अडलंय. माझ्यामुळं राहिलं असं नको व्हायला."

"तुला काय वाटतंय ते सांग."

"मला भीती वाटते."

"मग झालं," मी म्हणाले. "ती शेंग मोड, न्हाईतर ठिव. कोमेजून गेली हातात."

तिनं शेंग मोडली. दोघी मिळून टोपलंभर गवार मोडली आणि त्यावर आणखी काही बोललो नाही. पण माझ्या डोक्यात जातं फिरायला लागलं होतं. माझ्या सासूच्या हातात जातं होतं म्हणून तिनं मला दळायला बसवलं. आता दवाखाना आहे. त्या काळी निदान गोठ्यात गाय तरी होती. बाईकडून नाही झालं तर गायीकडून होईल, अशी आशा दोन ठिकाणी वाटलेली होती. भावकीनं गोठे रिकामे केले आणि सगळा भार या एका पोरीच्या पोटावर ठेवला.

रात्री जेवणं झाल्यावर मी मुलाला पाठवून पुतण्याला बोलावलं. तो आला. मुलगा, सून, नातू, नातसून, सगळे बसले होते.

मी सांगून टाकलं, "बाळ फिरलंय. पोरीचं पोट चिरायचं न्हाई. तिला कळा येतील तवा ती बाळंत व्हईल. अमावस्येला झाली तर पुरण घालू. न्हाई झाली तर न्हाई."

नातू बायकोकडं बघायला लागला. "मला काहून न्हाई सांगितलं?"

"मला आधी सांगितलं, म्हणून," मी म्हणाले.

पुतण्या म्हणाला, "काकू, हातात आलेलं सोडून राहिल्या तुमी. किती तकलीफ व्हते त्यात? आजकाल सगळ्याच पोरी चिरून घेतात."

"तुझं अपेंडिस काढलं तवा महिनाभर कण्हत व्हतास. गावानं ऐकलंय."

"ते येगळं."

"बरं, तुला पोळा पाहिजे का?"

"पाहिजे की!"

"मग गाय आण."

"गाय? ती कशाला?"

"रीत काय हाय? बाई न्हाई तर गाय. तुझ्या गोठ्यात काय हाय?"

"...गाडी हाय."

"गाडी व्यायची वाट बघून राहिला का? भावकीत एवढी घरं, एकाच्या दारात शेपूट न्हाई, आन पोळा पाहिजे. बैल न्हाई, गाय न्हाई, नुसता पोळा. कशाचा पोळा? ट्रॅक्टरच्या झुलीचा?"

नातवानं मान खाली घातली. तेवढं मी बोलायला नको होतं, पण बोलले.

माझी सून तेव्हा म्हणाली, "आत्याबाई, गाय आणा म्हणणं सोपं हाय. शेण कोण काढील? मीच ना?" तिचंही बरोबर होतं. माझी कंबर आता वाकत नाही, म्हणजे गाय आली की ती तिच्याच गळ्यात.

"न्हाई," मी म्हणाले. "ज्याला पोळा पाहिजे तो काढील."

पुतण्या उठला, चपला घातल्या, दारातून म्हणाला, "काकू, तुमचं बोलणं म्हणजे मिरचीचा खर्डा हाय."

"भाकरीसंगं खा," मी म्हणाले.

नातसून माहेरी गेली. पोळ्याच्या दिवशी घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण मोबाइल वाजला की सगळे थबकायचे. खोटं काहून बोलू, मीही थबकायची. मनात म्हणत होते, आज झाली तर बरंच होईल. सुनेनं डाळ धुऊन ठेवली होती, भिजत घातली नव्हती. दुपारी वाजंत्री गेली. चार-दोन घरच्या बैलांच्या मागं ट्रॅक्टरची रांग होती. दिवस मावळला, मोबाइल काही त्या कारणानं वाजला नाही. सुनेनं डाळ डब्यात भरली आणि पिठलं केलं. शेजारून ताट आलं. नातवानं त्यातली पोळी घेतली नाही, तर मी त्याच्या ताटात टाकली. खाल्ली त्यानं.

त्याच आठवड्यात पुढं नातसून बाळंत झाली. मुलगी. आपोआप झाली, दोघी धड. पुतण्याचा मोबाइल आला. "काकू, पेढे कवा?" पोळ्याचं तो काही बोलला नाही, मीही नाही.

आणि मग एका बाजारी माझा मुलगा, तो हट्टी म्हणून आलेला मऊ माणूस, कुणाला न सांगता जवळा बाजारला गेला आणि टेम्पोत गाय घालून घेऊन आला. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, गाभण. मोटारसायकली बाहेर काढाव्या लागल्या. भावकी बघायला आली. पुतण्यानं गायीभोवती एक फेरी मारली.

"काकू, ही तर दिवाळीला यील. पोळा कुठं, ही कुठं!"

"दिवाळीला वासरू नको वाटतं तुला?"

शेण नातू काढतो. पहिल्या दिवशी त्यानं नाकाला रुमाल बांधला होता, तर गाय बुजली. आता तसाच काढतो, अंघोळ करतो आणि दुकानात जातो. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं म्हणे, वास येऊन राहिला. तो सांगतो, ग्रीसचा आहे.

गाय दिवाळीला व्यायली. नातवानं मग बोटं मोजायला सुरुवात केली. गायीचे नऊ महिने नऊ दिवस. पोळ्यापासून मागं मोजत मोजत तो एका आठवड्यावर आला आणि त्याच आठवड्यात गुरांच्या डॉक्टरला गाय गाभण राहायची सुई द्यायला घेऊन आला. मला वाटलं हे फार झालं. पण गाय माजावर होतीच, तिनंच हंबरून बोलावलं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. पुतण्यानंही आता गाय आणली आहे. बायकोला सांगतो की दुधासाठी आणली.

सुई कधी द्यायची ते माणूस ठरवतो. व्यायचं कधी ते गाय ठरवते. ती आता भरत आली आहे, पोळा दोन आठवड्यांवर आहे, आणि गावात पोरं पैजा लावून राहिली आहेत.

काल नातसून आली, गायीजवळ बसली. तिची पोरगी आता धरून धरून चालते. तिनं गायीचं शेपूट पकडलं होतं, गाय हलली नाही.

"आजी, समजा त्याच दिवशी व्यायली तर करायचं काय? म्हणजे आपल्या घरची पद्धत काय होती? नैवेद्य कसा, दिवे किती?"

मी विचार केला. या घरात पोळा झालेला बघितलेलं एकही माणूस जिवंत नाही. माझ्या सासूनंही बघितला नव्हता. सण परत आणायची रीत सगळ्यांनी जपली, सण करायची रीत कुणाजवळ राहिली नाही.

"आपल्या घरची मला न्हाई ठाऊक," मी म्हणाले. "माझ्या माहेरची ठाऊक हाय."

"मग तुमच्या माहेरची करू."

"सासरी माहेरची रीत?"

"कोण ओळखणार आहे?"

खरंच, कोण ओळखणार? मी तिला सांगायला लागले. आदल्या दिवशी तूप-हळद खांद्याला लावायची. बैल नाहीत, तर गायीच्याच खांद्याला लावू. सकाळी पाय धुवायचे, आधी उजवा. पोळी घडी करून द्यायची, तुकडे करायचे नाहीत. ती ऐकत होती, मोबाइलमध्ये काही लिहीत नव्हती, मला ते बरं वाटलं.

"आणि नाही व्यायली तर?"

"तर शेजारचं ताट यील," मी म्हणाले. "पोरीला उचल. शेपटात शेण हाय."